बदलापूरला जायचं जवळजवळ ठरलं होतं, तेव्हाचा हिशोब

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' जरा कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये ऐकत असाल तर आधी एक काम करा, दाराजवळ उभे असाल तर थोडे आत सरका. भाग कुठे पळून जात नाहीये. आजचा विषय तुमच्या त्या लोकलशीच जोडलेला आहे.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. 'ताई, डोक्यावर कर्ज आहे, मुंबईतलं भाडं झेपत नाही. विरारला नाहीतर बदलापूरला शिफ्ट होऊ का?' मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. कारण दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझा होता. आणि मी जवळजवळ टेम्पो ठरवून बसले होते.

म्हणून आज मी माझी तेव्हाची वही उघडणार आहे. आकडे खरे सांगणार आहे. आईला विचारलं, 'सांगू का गं सगळं?' ती म्हणाली, 'सांग, पण पोळीचा दर सांगू नकोस, गिऱ्हाईकं ऐकतात.' तर पोळीचा दरही येणार आहे. सॉरी आई.

तेव्हाची परिस्थिती अशी. घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. लालबागला एका जुन्या इमारतीत वन रूम किचन, भाडं २१,०००. माझं ऑफिस लोअर परळला. करी रोडचा पूल ओलांडायचा की आलंच, चालत वीस-बावीस मिनिटं. हातात येणारा पगार ४६,०००.

आता कर्ज. एक होतं पर्सनल लोन, बाबांच्या आजारपणात घेतलेलं. बाबा राहिले नाहीत, हप्ता राहिला. महिन्याला ९,८००, आणि अजून सव्वीस हप्ते बाकी. हे आईला माहीत होतं.

दुसरं आईला माहीत नव्हतं. क्रेडिट कार्डावर १,६४,००० रुपये. एवढे कसे झाले, असं विचाराल तर मला एक कारण सांगता येणार नाही. आईचा चष्मा, माझा फोन, मैत्रिणीच्या लग्नातला आहेर, किराणा, परत किराणा, आणि परत किराणाच. त्यात एकही मोठी, मिरवण्यासारखी खरेदी नाही, हेच त्यातलं सगळ्यात लाजिरवाणं वाटायचं. गोव्याला जाऊन उडवले असते तर निदान फोटो तरी असते.

कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के. ऐकायला किती गोड वाटतं ना? वर्षाचे ४२ टक्के झाले. शिवाय त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. १,६४,००० वर व्याज ५,७४०, त्यावर जीएसटी १,०३३, मिळून ६,७७३ रुपये. कार्डाच्या बिलावर जी किमान रक्कम छापलेली असते ती माझी ८,२०० च्या आसपास यायची, मी शहाणपणा करून ८,५०० भरायचे. म्हणजे मूळ कर्जातून कमी व्हायचे किती? १,७२७ रुपये. याच वेगाने, कार्डावर नवा एक रुपयाही न चढवता, फिटायला चाळीस महिने लागले असते. आणि नवा रुपया चढत नव्हता असं नाही. पगारातून भाडं, हप्ता आणि कार्ड गेलं की ६,७०० उरायचे. आईच्या पोळ्यांचे साधारण ८,०००. त्यावर बावीस तारखेपर्यंत घर चालायचं. बावीसनंतर कार्डावर चालायचं.

अशात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती बदलापूर पूर्वेला राहते. तिच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके रिकामा झाला होता. भाडं ८,५००, डिपॉझिट ४०,०००.

२१,००० वजा ८,५००. बारा हजार पाचशे.

हा आकडा मी रात्री उशीवर डोकं टेकलं की मनात म्हणायचे. ८,५०० आधीचे आणि हे १२,५००, दोन्ही मिळून दर महिन्याला २१,००० कार्डात टाकले तर दहा महिन्यांत कार्ड कोरं! चाळीस महिन्यांच्या जागी दहा. तुम्ही असता तर गेला असता की नाही? मी पण निघालेच होते. आईला घर दाखवलं तर ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून हललीच नाही. मागे डोंगर दिसतो, पावसाळ्यात अगदी हिरवागार. आमच्या लालबागच्या घरात ओट्यासमोर भिंत आहे आणि भिंतीवर कॅलेंडर. आई म्हणाली, 'इथे पोळ्या लाटताना कंटाळा येणार नाही बघ.' हे वाक्य लक्षात ठेवा, मी तेव्हा ठेवलं नाही.

मला थांबवलं ताईने. जिने फ्लॅट सुचवला तिनेच. म्हणाली, 'अगं, टोकन देण्याआधी दोन आठवडे माझ्याकडे राहायला ये. इथून ऑफिसला जा-ये कर. मग ठरव.' महिना जुलैचा होता. मी बॅग भरून गेले, आणि एक चांगलं केलं, वहीत रोज खर्च आणि वेळ दोन्ही लिहिले.

ज्यांना तो मार्ग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सीएसएमटीपासून बदलापूर ६८ किलोमीटर. कल्याणपर्यंत मध्य रेल्वेच्या गाड्या भरपूर, पण कल्याणला फाटा फुटतो, एक कसाऱ्याकडे, एक कर्जतकडे. बदलापूर कर्जतच्या फाट्यावर. त्यामुळे दादरला उभं राहिलं की दर काही मिनिटांनी गाडी येते, फक्त ती आपली नसते. आपली एक चुकली की मला कधी वीस, कधी तीस मिनिटं थांबावं लागायचं. सकाळी बदलापूरहूनच सुटणारी गाडी मिळाली तर बसायला मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण फास्ट गाडी करी रोडला थांबत नाही. म्हणजे दादरला उतरा, जिना चढा, जिना उतरा, स्लो पकडा, करी रोडला उतरा, मग चाला. संध्याकाळी दादरला त्या गाडीत चढणं हा एक वेगळाच खेळ आहे. लेडीज डब्यातल्या काही बायका बसायला मिळावं म्हणून उलट्या सीएसएमटीला जाऊन तिथून बसून येतात. आधी मला हसू यायचं. पाचव्या दिवशी मीही तेच केलं.

माझा सरासरी वेळ निघाला घर ते ऑफिस दोन तास पाच मिनिटं. आधी वीस-बावीस मिनिटं. जाऊन-येऊन रोज साडेतीन तास जास्त. महिन्यात चोवीस दिवस कामाचे धरले तर ८४ तास. नऊ तासांच्या ड्युटीने मोजा, नऊ-दहा दिवस झाले. महिन्याला नऊ-दहा दिवस बिनपगारी काम, असं मी वहीत लिहिलंय, आणि खाली दोन रेघा मारल्यात.

आता पैसे. रेल्वेचा पास हा या सगळ्यातला सर्वात स्वस्त भाग आहे. सेकंड क्लासचा मासिक पास अजून काहीशे रुपयांत येतो, मी सोयीसाठी ४०० धरले. आपण 'येण्याजाण्याचा खर्च' म्हणतो तेव्हा पासच डोळ्यांसमोर येतो आणि तिथेच फसतो. ताईच्या बिल्डिंगपासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, जाताना वीस, येताना वीस. महिन्याचे हजार. रात्री उशीर झाला की शेअर मिळत नाही, मग एकटीने पूर्ण रिक्षा. गाड्या कोलमडल्या तर ठाण्याहून किंवा कल्याणहून वेगळं वाहन. त्याचे मी ६०० धरले, आणि ते कमीच धरले होते, ते पुढे कळेल. सकाळी लवकर निघायचं म्हणून डबा व्हायचा नाही. चहा, वडापाव, दुपारी काहीतरी मागवलेलं, रोजचे सत्तर. महिन्याचे १,७००. घर मोठं, पंखे-दिवे जास्त, गीझर, वीजबिल अंदाजे पाचशेने वाढणार. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, त्याची वर्गणी वेगळी, ताईच्या मागच्या पावत्या बघून महिन्याला सरासरी ४००. आणि आईचं केईएममधलं बीपी-शुगरचं फॉलोअप. लालबागहून ती चालत जाते. बदलापूरहून महिन्याला एकदा का होईना, ३०० धरले.

मिळून ४,९००. म्हणजे बारा हजार पाचशेचे झाले सात हजार सहाशे. मी म्हटलं, ठीक आहे, तरी फायदाच.

मग शिफ्टिंगचा खर्च. याबद्दल आपल्याकडे म्हण आहेच, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ब्रोकरला एक महिन्याचं भाडं ८,५००. टेम्पो आणि माणसं ७,५००. नव्या सोसायटीचे सामान चढवायचे पैसे १,०००. लिव्ह अँड लायसन्सच्या कराराचा माझा वाटा १,५००. जुन्या मालकाला महिन्याची नोटीस द्यायची, पण नवा फ्लॅट तेवढे दिवस कोणी अडवून ठेवणार नाही, म्हणून निदान पंधरा दिवस दोन्हीकडे भाडं, त्याचे १०,५००. गीझर, ट्यूब, पडदे, खिडक्यांना मच्छरजाळी, ९,०००. हे झाले ३८,०००. परत न येणारे.

डिपॉझिट यात धरलेलंच नाही, कारण ते 'परत येतं'. हो, येतं. पण कधी? नव्या घराचे ४०,००० किल्ली घेताना द्यायचे, आणि जुन्या घराचे ६०,००० घर सोडल्यावर, रंगकामाचे वजा होऊन, मालकाला जमेल तेव्हा. मधला महिना-दीड महिना कोण सांभाळणार? कर्ज नसतं तर बँकेत पडलेले पैसे वापरले असते. कर्जबाजारी माणसाकडे पडलेले पैसे नसतात, कार्डाची उरलेली लिमिट असते. माझी लिमिट दोन लाख, उरलेली ३६,०००. म्हणजे कर्ज फेडायला स्वस्त घरात जायचं, आणि तिथे जाण्यासाठी महिन्याला साडेतीन टक्क्यांनी कर्ज काढायचं. हा मुद्दा मला कुठल्याच व्हिडिओत कोणी सांगितला नव्हता. स्वस्त घरात जायलासुद्धा आधी पैसे लागतात आणि ज्याला जायची गरज सगळ्यात जास्त, त्याच्याकडेच ते नसतात.

तरीही मी जाणारच होते. खरं सांगते. आठवडाभरानंतरही माझं मन तयार होतं. ७,६०० चा आकडा तरी हातात होता ना.

दुसऱ्या आठवड्यात आई चार दिवस ताईकडे आली. पोळ्यांच्या गिऱ्हाईकांना तिने चार दिवसांची सुट्टी सांगितली होती. तिसऱ्या दिवशी दुपारपासून पाऊस लागला. जुलैतला मुंबईचा पाऊस, सांगायला नकोच. बदलापूरकरांना तर अजिबातच नको. २६ जुलै २००५ त्यांच्या लक्षात आहे, आणि २७ जुलै २०१९ पण, जेव्हा उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं होतं. त्या मानाने माझा दिवस काहीच नव्हता. सायन-कुर्ल्याजवळ रुळावर पाणी आलं, गाडी दोन तास जागच्या जागी. रांगत रांगत ठाण्याला पोचायला पावणेअकरा. पुढे गाड्या बंद. बाहेर रिक्षावाला बाराशे म्हणाला.

माझ्या खात्यात ३८० रुपये होते. सत्तावीस तारीख होती.

मी ताईला फोन केला, 'हजार रुपये पाठव, उद्या देते.' तिने लगेच पाठवले. पण आई तिच्या शेजारीच बसली होती. मी घरी पोचले साडेबाराला, भिजून. आईने टॉवेल दिला, गरम भात वाढला, एक शब्द बोलली नाही. सकाळी मी उठले तेव्हा ती ओट्याजवळ कणीक मळत होती, त्या डोंगराच्या खिडकीसमोर. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'पगार सेहेचाळीस. भाडं एकवीस, बाबांचा हप्ता दहा. महिन्याच्या शेवटी तुझ्याकडे ३८० रुपये कसे?'

मी सांगितलं. दीड वर्ष लपवलेलं दोन मिनिटांत सांगून झालं.

ती कणीक मळतच राहिली. मग विचारलं, 'व्याज किती?'

'साडेतीन टक्के.'

'वर्षाला?'

'महिन्याला.'

तेव्हा तिचे हात थांबले. म्हणाली, 'आमच्या गावचा सावकार दोन टक्के घ्यायचा, आणि गाव त्याला शिव्या घालायचं.'

मग मी वही दाखवली. बघ आई, मी सगळं मोजलंय. शेअर रिक्षाचे वीस रुपयेसुद्धा लिहिलेत. एकूण फायदा ७,६००. तिने सगळी पानं वाचली, चष्मा वर-खाली करत. आणि विचारलं, 'माझ्या पोळ्या कुठे आहेत यात?'

मंडळी, त्या वहीत सगळं होतं. मच्छरजाळी होती. टँकर होता. पण आईचे ८,००० नव्हते. कारण माझ्या डोक्यात ती 'नोकरी' नव्हतीच, आई घरी पोळ्या करते, एवढंच होतं. आता दर सांगते. रोज साठ पोळ्या, सात रुपयांना एक, महिन्याचे सव्वीस दिवस. १०,९२०. पीठ, तेल, गॅस वजा केला की आठ हजार हातात. गिऱ्हाईकं कोण? आमच्या आणि शेजारच्या इमारतीतली नोकरी करणारी पोरं, दोन म्हातारी जोडपी, एक छोटं ऑफिस. सगळी पाच मिनिटांच्या अंतरात. ती गिऱ्हाईकं टेम्पोत घालून नेता येत नाहीत. ताई म्हणाली, इथेही पोळ्या लागतातच की लोकांना. लागतात, पण तिच्या बिल्डिंगमध्ये आधीच दोघी जणी करतात, पाच रुपयांना देतात. जम बसायला सहा महिने तरी लागले असते. आणि गंमत बघा, त्या चार दिवसांच्या सुट्टीतच आईची दोन गिऱ्हाईकं दुसऱ्या बाईकडे गेली, त्यातलं एक परत आलंच नाही.

७,६०० वजा ८,०००. उणे चारशे.

शिवाय मी रात्री घरी बसून मराठी सबटायटलचं काम करायचे, महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास मिळायचे. त्या दोन आठवड्यांत मी एकही फाईल पूर्ण केली नव्हती. रात्री नऊला घरी येऊन कोण टायपिंग करतंय? ते धरलं तर उणे ३,९००. आणि वर सुरुवातीचे ३८,०००. म्हणजे साडेबारा हजार वाचवायला निघालेली मी, दर महिन्याला चार हजारांनी खाली गेले असते. ते कुठून आले असते, तेही सांगायला नको. बावीस तारखेच्या जागी पंधरा तारखेपासून कार्ड.

पुढचं मला बोलायला अजूनही जड जातं. आई म्हणाली, 'घर बदलायचं नंतर बघू. आधी हे साडेतीन टक्के बदल.' आणि तिने पाटल्या काढल्या. मी आठवडाभर नाही म्हणत होते. बाबांच्या आजारपणातही त्या पाटल्यांना आम्ही हात लावला नव्हता. मी आधी बँकेत चौकशी केली, कार्डाचं कर्ज कमी व्याजाच्या पर्सनल लोनमध्ये बदलून मिळेल का म्हणून. मिळालं नाही. कार्डाची ऐंशी टक्क्यांहून जास्त लिमिट वापरलेली, वर एक लोन चालू. सिबिल स्कोअर रुसून बसला होता. तुमचं तेवढं बिघडलेलं नसेल तर हा रस्ता आधी बघा, दागिन्यांच्या आधी.

शेवटी सोनं ठेवलं. १,५०,०००, वर्षाला अकरा टक्के. वर्षाला, बरं का! महिन्याचं व्याज १,३७५. कुठे ६,७७३ आणि कुठे १,३७५. घर न बदलता, रिक्षा न पकडता, आईच्या पोळ्या चालू ठेवून महिन्याला जवळपास ५,४०० वाचले. कार्डाचे वरचे १४,००० दिवाळीच्या बोनसपर्यंत ओढले आणि संपवले. सोन्यावरचं कर्ज म्हणजे काही देवाचा प्रसाद नाही, हेही सांगते. हप्ता थकला तर दागिन्यांचा लिलाव होतो, आणि कार्ड मोकळं झालं म्हणून परत घासायला लागलात तर कार्डही भरतं आणि पाटल्याही जातात. मला माझी खात्री नव्हती, म्हणून मी बँकेला फोन करून कार्डाची लिमिट वीस हजारांवर आणून घेतली. फोनवरची मुलगी दोनदा विचारत होती, 'मॅडम, कमी करायची आहे ना? वाढवायची नाही?'

आता तुम्ही म्हणाल, ही बाई बदलापूरच्या विरोधात आहे. अजिबात नाही. माझ्याच टीममधला एक जण अंबरनाथला राहतो. त्याच्यावर पण कर्ज होतं. तो गेला आणि त्याचं एकदम बरोबर होतं. त्याला ऑफिसला आठवड्यातून दोनच दिवस यावं लागतं. बायको तिथल्याच शाळेत शिकवते. शिफ्टिंगचे पैसे सासऱ्यांनी बिनव्याजी दिले. त्याचे बारा हजार खरोखर बारा हजारांच्या जवळपास राहिले, आणि वर्षभरात त्याचं कार्ड फिटलं. आमच्या दोघांच्या भाड्यातला फरक सारखाच होता. पण त्याच्या घरातला कोणाचाच रोजगार जुन्या गल्लीला बांधलेला नव्हता. श्रोत्याला मी शेवटी हेच विचारलं, तुझ्या घरात कोण काय करतं, आणि ते तिथे नेता येईल का? त्याचं उत्तर आलं, 'बायको शेजारची दोन मुलं सांभाळते. पण ते काही विशेष नाही हो.' मी त्याला लिहिलं, किती मिळतात ते आधी लिहून काढ.

एक छोटी गोष्ट, कारण याबद्दलही बरेच मेसेज येतात. भाड्याने नाही, तिकडे विकतच घेतो, हप्ता भाड्याएवढाच बसतो, अशा जाहिराती स्टेशनबाहेर लागलेल्या असतात. त्या हप्त्यात स्टॅम्प ड्युटी नसते. नोंदणी फी नसते, ती किमतीच्या एक टक्का, कमाल ३०,०००. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी असतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर एक टक्का, नाहीतर पाच टक्के. आणि ताबा मिळेपर्यंत इकडे भाडं, तिकडे बँकेचं व्याज, दोन्ही. प्रकल्पाचा महारेरा नंबर वेबसाइटवर टाकून ताब्याची तारीख तरी बघा. यावर वेगळा भाग करते, आज इतकंच.

आणि तो प्रवास. त्याबद्दल मी जास्त बोलले नाही कारण रोज करणाऱ्यांना मी काय सांगणार. पण ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारातून माणसं पडली, काही जण गेली, त्या संध्याकाळी मी ती जुनी वही काढून बघत बसले होते. त्यात 'प्रवास' असा रकाना आहे. त्यात रुपये आणि मिनिटं आहेत. दाराजवळ उभं राहण्याचे किती धरायचे, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

आता आजची परिस्थिती सांगते आणि थांबते. या एप्रिलमध्ये आम्ही पाटल्या सोडवून आणल्या. आईने त्या बँकेच्या दारातच हातात घातल्या आणि म्हणाली, 'ढिल्या झाल्यात.' पाटल्या तेवढ्याच आहेत, हात बारीक झालेत. बाबांच्या लोनचे दोन हप्ते राहिलेत. लालबागचं भाडं २३,००० झालंय. माझं ऑफिस आता आठवड्यातून तीनच दिवस असतं. आणि ताईचा परत फोन आलाय. तोच फ्लॅट नाही, त्याच्या वरचा, चौथा मजला, भाडं साडेनऊ.

यावेळी वही आईकडे आहे. तिने पहिल्या ओळीत पोळ्या लिहिल्यात. ताईच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांना तिने फोनवरून आधीच विचारून ठेवलंय, आणि सातऐवजी सहा रुपये दर सांगितलाय, मला न विचारता. शिफ्टिंगचे पैसे यावेळी खात्यात आहेत, कार्डात नाही. बाकीचे रकाने अजून रिकामे आहेत. येत्या रविवारी घर बघायला जाणार आहोत. तिला एवढंच बघायचंय की चौथ्या मजल्यावरूनही डोंगर ओट्यासमोरच येतो का.

रविवारी मेगाब्लॉक आहे का, ते मात्र मला बघायला हवं.